धक्का कुणी दिला?

“नुसत्या गोल गोल फिरणाऱ्या गाड्या बघायला एवढ्या लांब जायचं?” अटलांटामधल्या आमच्या मराठी ग्रुपवर हा प्रश्न आला तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. अमेरिकेत येऊन मला नऊ वर्षं झाली. पीएचडी इथेच केली, आता पोस्टडॉक चालू आहे. या काळात बेसबॉलपासून कॉलेज फुटबॉलपर्यंत सगळं थोडंथोडं शिकून घेतलं. नॅस्कार मात्र नाही. तो दक्षिणेतल्या गोऱ्या लोकांचा खेळ, आपला त्याच्याशी काय संबंध, असं मी न तपासताच ठरवून टाकलं होतं. शेवटी मला नेलं ते आमच्या लॅबमधल्या टेक्निशियनने. तो मूळचा अलाबामाचा. त्याचं म्हणणं साधं होतं: “तू दिवसभर पाइपातून जाणाऱ्या हवेचा अभ्यास करतेस. एकदा हवा माणसांना काय करायला लावते ते पण बघ.”

तर ६ ऑक्टोबर २०२४ च्या रविवारी आम्ही चौघं आय-२० हायवेने पश्चिमेला निघालो. अलाबामाची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं. तो फुकटचा तास पार्किंगच्या रांगेत गेला आणि दुपारी आम्ही टॅलाडेगा सुपरस्पीडवेच्या स्टँडमध्ये जाऊन बसलो. त्या दिवशी जे बघितलं त्याबद्दल पॉडकास्टमध्ये मी ओझरतं बोलले होते. तिथे वेळ कमी पडला, आणि खरं सांगायचं तर तेव्हा माझं मतही पक्कं झालं नव्हतं. आता झालंय, म्हणून हे लिहितेय.

आधी जागेबद्दल. टॅलाडेगाचा ट्रॅक २.६६ मैलांचा, म्हणजे सव्वाचार किलोमीटरहून थोडा जास्त. १९६९ साली तो एका जुन्या विमानतळाच्या जागेवर बांधला. वळणांवर रस्ता ३३ अंशांनी आत कललेला आहे. आकडा वाचून काही कळत नाही. प्रत्यक्षात ती भिंतच वाटते. त्यावर उभं राहायचं तर हाताचा आधार घ्यावा लागेल. हा कल इतका आहे की वळणावर ब्रेक मारायची गरजच पडत नाही. पूर्ण वेग पायाखाली धरून गाडी वळू शकते. १९८७ मध्ये बिल एलियटने इथे पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैलांचा, म्हणजे ३४२ किलोमीटरचा वेग गाठला. तो विक्रम आजही मोडलेला नाही, आणि तो मोडू द्यायचाच नाही असं नियम करणाऱ्यांनी ठरवलेलं आहे. का, ते पुढे येईलच.

टीव्हीवर हा खेळ बघितलेल्या माणसाला एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे घोळका. चाळीसेक गाड्या, दोन-दोन किंवा तीन-तीनच्या रांगेत, एकमेकींपासून हातभर अंतरावर, ताशी जवळजवळ ३०० किलोमीटरने जातात. पन्नासेक सेकंदांनी एकदा तो घोळका आपल्या समोरून जातो. तेव्हा आवाज कानाला नाही, छातीला जाणवतो. मग शांतता. मग पुन्हा. स्टँडमधले जुने प्रेक्षक कानाला स्कॅनर लावून बसतात. स्कॅनर म्हणजे ड्रायव्हर आणि त्याची टीम यांचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणारं यंत्र. ते भाड्याने मिळतं. आम्हीही दोन घेतले आणि आळीपाळीने ऐकले.

आणि तिथे मला हा खेळ पहिल्यांदा कळला. प्रत्येक ड्रायव्हरचा एक स्पॉटर असतो. तो स्टँडच्या वर, सगळ्यात उंच ठिकाणी उभा राहतो आणि ड्रायव्हरला सतत सांगत राहतो: आत गाडी आहे, बाहेर आहे, अजून आहे, आता मोकळं. हे ‘मोकळं’ ऐकू आल्याशिवाय ड्रायव्हर बाजूला सरकत नाही. एवढंच असतं तर ती नुसती रहदारी झाली असती. पण त्याच्या मध्येमध्ये वाटाघाटी चालतात. मागचा आपल्याबरोबर येईल का? त्याच्या स्पॉटरला विचार. तो म्हणतोय पुढच्या लॅपला येतो. पुढच्या लॅपला तो येत नाही, शेजारच्या रांगेत जातो. स्पॉटरचे स्पॉटर शेजारी-शेजारीच उभे असतात, त्यामुळे सौदे चक्क खांद्याला खांदा लावून होतात. मी ज्याचं ऐकत होते तो मधल्या रांगेतला ड्रायव्हर अर्ध्या तासात पाच जणांचा दोस्त झाला आणि पाचही दोस्त्या मोडल्या. कुणाला राग आलेला दिसला नाही.

हे असं का होतं, याचं उत्तर हवेत आहे. गाडी हवा कापत पुढे जाते तेव्हा तिच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो. मागची गाडी त्या पट्ट्यात शिरली की तिला समोरून हवा कमी लागते. एवढं आपल्याला सायकलवाल्यांमुळे माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की फायदा पुढच्या गाडीलाही होतो. एरवी तो कमी दाबाचा पट्टा तिला मागे ओढत असतो. मागे दुसरी गाडी येऊन चिकटली की ही ओढ कमी होते. म्हणून दोन गाड्या मिळून एकट्या गाडीपेक्षा वेगाने जातात, आणि दहा गाड्यांची रांग त्याहून वेगाने. १९६० च्या डेटोना ५०० शर्यतीत ज्युनिअर जॉन्सनने हे ओळखलं. त्याची शेवरले इतरांच्या गाड्यांपेक्षा हळू होती. वेगवान गाड्यांच्या शेपटीला चिकटून त्याने ती शर्यत जिंकली.

त्यातून या खेळाचा मूळ पेच तयार होतो. एकट्याने पुढे जायला निघालात तर हवा तुम्हाला मागे फेकते. पुढे जायचं तर कुणीतरी मागून रेटा द्यायला हवा, आणि हा रेटा देणारा तुमचा प्रतिस्पर्धी असतो. त्यालाही जिंकायचंय. तो तुम्हाला कुठपर्यंत ढकलेल आणि कोणत्या क्षणी सोडेल, हे ओळखणं म्हणजे इथलं कौशल्य. डेल अर्नहार्टने ऑक्टोबर २००० मध्ये याच ट्रॅकवर शेवटच्या पाचेक लॅपमध्ये अठराव्या नंबरवरून पहिल्या नंबरवर झेप घेतली ती केनी वॉलेसचा रेटा मागे घेऊन. ती त्याची टॅलाडेगावरची दहावी जीत, आणि आयुष्यातली शेवटची.

म्हणून “सुपरस्पीडवेची शर्यत म्हणजे लॉटरी” ही टीका मला पटत नाही. लॉटरी एकाच माणसाला दहा वेळा लागत नाही. ब्रॅड केसेलोव्स्कीने टॅलाडेगा सहा वेळा जिंकलंय, डेनी हॅम्लिनने डेटोना ५०० तीन वेळा. नशिबाचा वाटा मोठा आहे, हे कबूल. पण कौशल्यही आहे, फक्त ते गाडी चालवण्यापेक्षा माणसं वाचण्याचं जास्त आहे. कॅमेरा ते दाखवू शकत नाही, म्हणून घरी बसलेल्याला सगळं नशीबच वाटतं. २०१० आणि २०११ च्या एप्रिलमधल्या टॅलाडेगाच्या शर्यतींमध्ये प्रत्येकी ८८ वेळा आघाडी बदलली. एकाच शर्यतीत ८८ वेळा! नाट्य म्हणून यापेक्षा जास्त काय हवं?

दुसरी टीका जास्त गंभीर आहे. लोक म्हणतात, ही शर्यत बघायला येणारे खरं तर अपघात बघायला येतात. घोळक्यात एक गाडी हलली की तिच्या मागच्यांना थांबायला ना जागा असते ना वेळ, आणि पंधरा-वीस गाड्या एकमेकींत घुसतात. या सामूहिक अपघाताला तिथे नाव आहे: ‘द बिग वन’. जाहिरातीत, समालोचनात, स्टँडमधल्या गप्पांत हे नाव असं घेतलं जातं जणू तो शर्यतीतला एक ठरलेला प्रवेश आहे. आज अजून आला नाही, येईलच आता.

त्या रविवारी तो शेवटची पाच लॅप उरलेली असताना आला. ऑस्टिन सिंड्रिक आघाडीवर होता, त्याच्यामागे केसेलोव्स्की, त्याच्यामागे जोई लोगॅनो. तिघांच्याही फोर्ड. सिंड्रिक आणि लोगॅनो तर एकाच संघाचे. मागून रेटा आला, केसेलोव्स्कीचा बम्पर सिंड्रिकला लागला, त्याची गाडी आडवी फिरली आणि मागचा सगळा घोळका तिच्यावर येऊन आदळला. एकूण २८ गाड्या, म्हणजे नॅस्कारच्या कप मालिकेतला आजवरचा सगळ्यात मोठा अपघात. आमच्या जागेवरून आधी नुसता धूर दिसला. आणि सगळा स्टँड उठून उभा राहिला. मीही राहिले. मी ओरडले. तो आवाज भीतीचा नव्हता, हे मला इथे लिहायलाच हवं. मग ड्रायव्हर एकेक करून खिडकीतून बाहेर आले, आम्ही टाळ्या वाजवल्या, ट्रॅक साफ झाला आणि जादा लॅपमध्ये रिकी स्टेनहाउस ज्युनिअर शर्यत जिंकला. अंतर ०.००६ सेकंद. दुसरा कोण? केसेलोव्स्की.

परतीच्या वाटेवर मी गाडीत विचारलं, “मग चूक कुणाची?” टेक्निशियन म्हणाला, “कुणाचीच नाही. टॅलाडेगा आहे ते.” नंतर घरी येऊन बातम्या बघितल्या, मुलाखती ऐकल्या, तर थोड्याफार फरकाने सगळे तेच म्हणत होते. आणि तांत्रिक अर्थाने ते बरोबरच आहे. केसेलोव्स्की सिंड्रिकला पाडायला गेला नव्हता, लोगॅनो त्याला पाडायला गेला नव्हता. सगळे पुढच्याला मदत करत होते. या खेळात मदत आणि टक्कर ही एकच क्रिया आहे. बम्परला बम्पर लावून ढकलणं. सरळ लागलं तर मदत, अंगठ्याएवढं तिरकं लागलं तर अपघात. आपल्याकडे धक्का या एकाच शब्दात दोन्ही बसतं: बंद पडलेल्या गाडीला देतात तोही धक्का आणि बातमी ऐकून बसतो तोही धक्काच.

याचं सगळ्यात भयानक उदाहरण २०२० च्या डेटोना ५०० चं आहे. शेवटच्या लॅपला रायन न्यूमन पुढे होता आणि रायन ब्लेनी मागून त्याला ढकलत होता. दोघांच्या गाड्या फोर्ड. आपण जिंकत नाही असं दिसल्यावर ब्लेनीने न्यूमनला तरी जिंकवायचं ठरवलं होतं, असं त्याने नंतर सांगितलं. त्या धक्क्याने न्यूमनची गाडी फिरली, भिंतीवर आदळली, उलटी झाली आणि उलट्या अवस्थेत दुसऱ्या गाडीने तिला ड्रायव्हरच्या बाजूने ठोकलं. हॅम्लिन ०.०१४ सेकंदांनी जिंकला. न्यूमन वाचेल असं त्या संध्याकाळी बघणाऱ्यांपैकी फार कमी जणांना वाटलं असेल. दोन दिवसांनी तो दोन्ही मुलींचे हात धरून हॉस्पिटलमधून चालत बाहेर आला.

तो वाचला याचं एक कारण छताजवळची एक जादा नळी. तिला ‘न्यूमन बार’च म्हणतात, कारण २००९ मध्ये टॅलाडेगावर त्याचीच गाडी उलटी होऊन आपटली, त्यानंतर ती नळी गाड्यांत आली. न्यूमन पर्ड्यू विद्यापीठाचा इंजिनिअर आहे, आणि असल्या शर्यतींवर सगळ्यात कडक बोलणाऱ्या ड्रायव्हरांपैकी एक होता. त्याचं म्हणणं साधारण असं होतं की गाड्या आणि भिंती सुरक्षित करायचं यांना जमतं, पण गाड्या जमिनीवर ठेवायचं जमत नाही. ज्याने इशारा दिला त्याच्याच अंगावर ते आलं, आणि तरीही त्या दिवशी निष्कर्ष तोच निघाला: कुणाची चूक नाही.

माझं भांडण या वाक्याशी आहे.

कारण घोळका निसर्गाने बनवलेला नाही. हवेचे नियम निसर्गाचे, पण चाळीस गाड्या एकमेकींपासून सुटू न शकण्याइतक्या सारख्या वेगाच्या असाव्यात हे माणसांनी ठरवलंय, आणि कधी ठरवलं तेही माहीत आहे. ३ मे १९८७ ला टॅलाडेगावर बॉबी ॲलिसनचं मागचं टायर फुटलं. गाडी उलट फिरून हवेत उडाली आणि प्रेक्षकांसमोरच्या जाळीत घुसली. जाळी लांबलचक फाटली, काही प्रेक्षक जखमी झाले. आणखी थोडी वर गेली असती तर गाडी थेट स्टँडमध्ये पडली असती. त्याच्या पुढे असलेल्या त्याच्या मुलाने, डेव्ही ॲलिसनने, हे आरशात बघितलं आणि मग ती शर्यत जिंकली.

त्यानंतर १९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगावर रेस्ट्रिक्टर प्लेट आली. चार भोकं पाडलेली एक पातळ धातूची पट्टी. ती इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेत बसवायची, म्हणजे इंजिनाला श्वास कमी मिळतो आणि ताकद उतरते. नाकात बोळे घालून पळायला लावण्यासारखं. हेतू चांगला होता: गाड्या इतक्या वेगाने जाऊच नयेत की प्रेक्षकांत उडतील. पण परिणाम असा झाला की सगळ्यांची ताकद एका पातळीवर आली. वळणावर कुणालाच पाय उचलावा लागत नाही, सरळ रस्त्यावर कुणालाच सुटून जाता येत नाही. सगळे एका गठ्ठ्यात. स्टँडवरचा धोका उतरला आणि तो ड्रायव्हरांमध्ये वाटला गेला.

प्लेट २०१९ च्या डेटोना ५०० नंतर गेली. तिच्या जागी वेगळ्या आकाराचा, पण तेच काम करणारा भाग आला. २०२२ पासूनच्या नव्या गाड्यांना या ट्रॅकवर सुमारे ५१० अश्वशक्ती मिळते, इतर बहुतेक ट्रॅकवर २०२५ पर्यंत ६७० मिळत होती. आता तर घोळक्यातून सुटणं इतकं अवघड झालंय की शर्यतीचा बराचसा भाग सगळे मिळून अर्ध्या पायाने गाडी चालवत पेट्रोल वाचवतात, म्हणजे पिट स्टॉपला कमी भरावं लागतं आणि पुढची जागा मिळते. स्टँडमध्ये बसून तो मधला भाग बघणं, खरं सांगते, कंटाळवाणं आहे. शर्यत शेवटच्या वीस मिनिटांत उरते, आणि वीस मिनिटांत सगळ्यांना सगळं हवं असतं. मग बिग वन येणार नाही तर काय!

इथपर्यंत कुणी म्हणेल, ठीक आहे, पण प्रेक्षकांना वाचवायचं तर दुसरा उपाय काय होता? मलाही हे म्हणणं बरंच दिवस पटत होतं. १९८८ मध्ये घाई होती, जाळीत गाडी घुसलेली होती, सुचलं ते केलं. मजबुरी समजू शकते.

माझं मत फिरलं ते माझ्याच शहराच्या ट्रॅकमुळे. अटलांटाचा ट्रॅक १.५४ मैलांचा, एक साधा वेगवान ओव्हल. तिथे घोळका नव्हता, कारण ड्रायव्हरला वळणावर पाय उचलावा लागे आणि टायर झिजत. २०२२ साठी मालकांनी तो नव्याने बांधला. वळणांचा कल २४ अंशांवरून २८ वर नेला, रुंदी कमी केली, आणि नॅस्कारने तिथे सुपरस्पीडवेचे कमी ताकदीचे नियम लावले. म्हणजे जिथे घोळका नव्हता तिथे तो मुद्दाम तयार केला. इथे कुठलं टायर फुटलं नव्हतं, कुठली जाळी फाटली नव्हती. घोळका विकला जातो, एवढंच कारण होतं. आणि तो खरंच विकला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे तीन गाड्या जवळजवळ एकत्र रेषेवर आल्या, आणि मेक्सिकोहून आलेला डॅनियल सुआरेझ ०.००३ सेकंदांनी जिंकला. मी तो शेवट दहा वेळा तरी बघितला असेल. सुंदर आहे. पण तेव्हापासून “कुणाची चूक नाही” हे वाक्य मला पूर्वीसारखं ऐकू येत नाही. १९८८ चा नाइलाज २०२२ मध्ये निवड झाला, आणि निवड कुणीतरी करतं.

यात अजून एक गाठ आहे. डेटोना आणि टॅलाडेगा हे ट्रॅक बिल फ्रान्स सीनियरने उभे केले, ज्याने १९४८ मध्ये नॅस्कार स्थापन केलं. आजही नॅस्कार त्याच कुटुंबाकडे आहे आणि हे ट्रॅकही नॅस्कारचेच. नियम करणारा आणि तिकीट विकणारा एकाच घरातला. अपघातानंतर चौकशी करणाराही तोच. अशा घरात “कुणाची चूक नाही” हे वाक्य फार सोयीचं असतं.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोना ५०० च्या शेवटच्या वळणावर डेल अर्नहार्ट गेला. तो तिसऱ्या नंबरवर होता, आणि पुढच्या दोन गाड्या त्याच्याच मालकीच्या संघाच्या होत्या. एकीत मायकल वॉल्ट्रिप, दुसरीत मुलगा डेल ज्युनिअर. मागच्यांना अडवून तो त्यांना वाट मोकळी करून देत होता. वॉल्ट्रिप जिंकला, ४६३ व्या शर्यतीत पहिल्यांदा. त्या मृत्यूनंतर नॅस्कारने मानेला आधार देणारं हान्स उपकरण सक्तीचं केलं, ट्रॅकला धक्का शोषणाऱ्या भिंती आल्या, गाड्या बदलल्या. त्यानंतर कप मालिकेच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. हे काम मोठं आहे. इंजिनिअर म्हणून मला त्याचा आदर आहे.

पण याच कामामुळे स्टँडमधली मी निर्धास्तपणे उभी राहून ओरडू शकले, हेही खरं. गाडी जितकी सुरक्षित तितका अपघात बघायला सोपा. ‘कुणी मेलं नाही’ याचा अर्थ ‘कुणाला काही झालं नाही’ असा आपण लावून घेतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये टॅलाडेगाच्या शेवटच्या लॅपला पंचवीस गाड्यांचा अपघात झाला, त्यात डेल ज्युनिअरच्या डोक्याला मार बसला आणि त्याला पुढच्या दोन शर्यती सोडाव्या लागल्या. त्याच दिवशी गाडीतून उतरल्यावर तो म्हणाला होता की दर आठवड्याला असंच असतं तर मी हे काम सोडून दुसरं शोधलं असतं. टॅलाडेगावर सहा वेळा जिंकलेला माणूस हा. २००९ मध्ये कार्ल एडवर्ड्सची गाडी इथेच शेवटच्या लॅपला जाळीवर आदळली, प्रेक्षक पुन्हा जखमी झाले. एडवर्ड्स गाडीतून उतरून धावत फिनिश लाइन पार करून गेला. ते दृश्य सगळ्यांना आठवतं. कुणाचा तरी जीव जाईपर्यंत असंच चालू राहील आणि मग नियम बदलतील, असं तो नंतर म्हणाला, ते फारसं कुणाला आठवत नाही. प्रसारणातही नेमकं हेच होतं. अपघात पाच कोनांतून दिसतो, रचना एकाही कोनातून दिसत नाही.

हा लेख मी मोटर स्पोर्टच्या साइटवर न लिहिता इथे का लिहितेय? कारण हे वाक्य आपल्यालाही ओळखीचं आहे. आमच्या क्षेत्रात सगळे एकमेकांचे सहलेखक आणि सगळे एकाच नोकरीचे उमेदवार. माझ्या एका मैत्रिणीची पोस्ट ग्रँट संपली म्हणून गेली. व्हिसाचे साठ दिवस मोजत ती सामान विकत होती, तेव्हा जो तो तिला हळहळून तेच सांगत होता: कुणाची चूक नाही गं, सिस्टिमच अशी आहे. मीही तेच म्हणाले. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले. पण सिस्टिम ‘अशीच’ नसते. तिचा कल किती अंश ठेवायचा ते कुणीतरी ठरवलेलं असतं.

टॅलाडेगाची पहिली मोठी शर्यत सप्टेंबर १९६९ मध्ये झाली. नव्या ट्रॅकच्या वेगाने टायर फाटत होते, म्हणून रिचर्ड पेटीच्या पुढाकाराने बहुतेक बड्या ड्रायव्हरांनी शर्यतीवर बहिष्कार टाकला आणि गाड्या घेऊन निघून गेले. बिल फ्रान्सने उरलेल्यांना घेऊन शर्यत घेतलीच. रिचर्ड ब्रिकहाउस जिंकला. बहिष्कार फसला, असंच म्हणायचं. पण तेव्हा चूक कुणाची हे बोट दाखवून सांगणारं कुणीतरी होतं. नंतरच्या पंचावन्न वर्षांत त्याच ट्रॅकवर ड्रायव्हर हवेत एकमेकांना किती सफाईने साथ देतात ते जगाने बघितलं. जमिनीवर, नियमांच्या बाबतीत, तशी साथ क्वचितच दिसली.

एकदा दिसली, वेगळ्या कारणाने. जून २०२० मध्ये नॅस्कारने कॉन्फेडरेट झेंड्यावर बंदी घातली. त्या मागणीत पुढे होता बब्बा वॉलेस, कप मालिकेत पूर्ण वेळ धावणारा तेव्हाचा एकमेव कृष्णवर्णीय ड्रायव्हर. काही दिवसांनी टॅलाडेगाला त्याच्या गॅरेजमध्ये फासासारखा बांधलेला दोर सापडला. तो दोर आदल्या ऑक्टोबरपासूनच तिथे होता, त्यामुळे तो वॉलेससाठी नव्हता, असं एफबीआयने नंतर सांगितलं. पण २२ जूनच्या सोमवारी हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी शर्यतीच्या आधी सगळे ड्रायव्हर आणि त्यांच्या टीम्स वॉलेसच्या ४३ नंबरच्या गाडीमागे उभे राहिले आणि हातांनी ढकलत ती रांगेच्या सगळ्यात पुढे नेली. ४३ ही पेटीची गाडी. पेटी स्वतः, ८२ वर्षांचा, वॉलेसशेजारी उभा होता.

घरी आल्यावर मी तो व्हिडिओ बघितला. गाडीचा वेग चालणाऱ्या माणसाएवढा. इंजिन बंद. कुणाचा हात कुठे आहे, धक्का कोण देतंय, सगळं स्पष्ट दिसतं.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा टॅलाडेगाला जाणार आहोत. ग्रुपवरचे दोघं-तिघं यायचं म्हणतायत. त्यांना मी एवढंच सांगितलंय की एक स्कॅनर प्रत्येकी घ्या, आणि बिग वन आला की उभं राहायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवा. मी बसून राहायचं ठरवलंय. जमेल की नाही, सांगता येत नाही.